डावा हात वाट बघतोय

हेकिनान, ९ एप्रिल २०१४

फुसाए ताई,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. न वाचता फाडाल हे धरूनच लिहिते आहे.

तुमच्या भावाला या पत्राचं काही ठाऊक नाही. ते तुमचं नावही काढत नाहीत. परवा जेवताना मी नुसतं म्हटलं, "नीगाताला ताईंकडे अजून बर्फ असेल नाही?" तर वाटी तशीच ठेवून उठले आणि कारखान्यात जाऊन झाडू मारत बसले. झाडण्यासारखं तिथे आता काही उरलेलं नाही, तरी.

त्या दिवशी तुम्ही एप्रन काढून खुंटीला अडकवलात आणि निघालात. पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तुम्ही विचारलं होतंत, "माणसं कमी करायची नाहीत, वाया जाणारी कामं कमी करायची, असं हे त्सुझुकी-सान दर मंगळवारी येऊन सांगतात. मग माझं काम काढून मला रिकाम्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला का बसवलंय? मी माणूस की वाया? शिगेरू, तू बोल. मी तुला पाठीशी बांधून वाढवलाय." आणि यांच्या हातातलं स्टॉपवॉच चालू. तुम्ही फाटकाबाहेर गेलात तरी चालू. शेवटी त्सुझुकी-सानच हळू आवाजात म्हणाले, "इनागाकी-सान, घड्याळ बंद करा." तेव्हा कुठे यांनी खाली पाहिलं. बटण दाबायला अंगठा सापडेना त्यांना.

तुम्हाला वाटतं, तो मोठ्या मोटार कंपनीचा माणूस यांच्या डोक्यावर बसलाय. तसं नाही हो. त्सुझुकी-सान गुडघे टेकून यंत्राखालचं तेल स्वतः पुसतात. यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून शिकवतंय. मामंजींनी तर नुसतं मारलं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

आता रागावू नका, पण खरं सांगते. कारखाना छान दिसतो. मामंजींचं ते लांब टेबल कापून टाकलं. त्याच्या जागी घोड्याच्या नालासारखी रांग केली आहे आणि नालाच्या आत आम्ही उभ्या. खुर्च्या गेल्या. गाड्यांत बसणाऱ्या, अर्धवट झालेल्या चापांचे ते डोंगर गेले. एक चाप हातात, त्यात रबरी वायसर बसवायचा, पुढचीच्या हातात द्यायचा; मध्ये साठवायचं काही नाही. काही अडलं तर डोक्यावरची दोरी ओढायची, पिवळा दिवा लागतो, हे धावत येतात. खोक्यांच्या ढिगामागे एक खिडकी होती, आठवतं तुम्हाला? मी विसरलेच होते. आता काम करता करता कौलांच्या भट्टीची चिमणी दिसते.

माझ्या शेजारी उभी असते ती मार्सिया तुमची फार आठवण काढते. "फुसाए-सान गेल्या, कानात शिव्या नाहीत, कान गंजले," म्हणते. तिचं जपानी अजून तसंच, ब्राझीलच्या उन्हात वाळत घातलेलं.

अक्षर बारीक आलंय, चष्मा लावून वाचा. पेन नवीन आहे.

तुमची
काझुए


हेकिनान, ३० जून २०१४

ताई,

तुमचं खोकं पोचलं. तांदळाच्या चकत्या अगदी कुरकुरीत होत्या. आत चिठ्ठी असेल म्हणून खोकं झटकून पाहिलं, मग कागद उलगडून पाहिला. असो. पत्ता तुमच्याच हातचा होता, तेवढं पुरे. यांनी एक चकती खाल्ली. कुठून आली हे विचारलं नाही. दुसरीही खाल्ली.

इकडे मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्याचे लोक येऊन गेले. कारखाना बघून फार खूश झाले. फोटो काढले. मग चहा पिता पिता म्हणाले, एवढं वाया जाणारं वाचवलंत, तर त्यातलं आमच्याकडेही येऊ द्या, चापाचा भाव उतरवा. हे कमरेतून वाकले. मी बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होते, मला यांची नुसती पाठ दिसली. ते गेल्यावर त्सुझुकी-साननी सगळ्यांचे कप स्वतः विसळून ठेवले. त्यांचं खातं वेगळं, त्यांच्या हातात काय असणार! भाव उतरला, तशी पुढच्या आठवड्यात नालातल्या योनेकुरा-सानला घरी पाठवावं लागलं. तिनं तुमच्यासारखं काही विचारलं नाही. सगळ्यांना एकेक रुमाल देऊन गेली.

आता नालात मी आणि मार्सिया. जमतं. खरंच जमतं, त्याचंच आश्चर्य वाटतं.

फक्त माझा थोडा घोटाळा होतोय. त्सुझुकी-सान आमच्या हातांचं चित्रीकरण करतात आणि मग पडद्यावर सावकाश लावून दाखवतात. मागच्या मंगळवारी त्यांनी एका जागी थांबवलं आणि म्हणाले, "इथे बघा. उजव्या हातानं वायसर उचललाय. डावा हात वाट बघतोय." सगळ्यांनी पाहिलं. माझा डावा हात चापावर नुसता पडलेला होता, देवळापुढच्या दगडी कोल्ह्यासारखा.

मी ओशाळले. पण तुमचे बंधू एवढे खुलले की काय सांगू! भिंतीवर त्सुझुकी-साननी स्वतःच्या हातानं लिहून लावलंय, "दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो." त्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "तुझं काही चुकत नाहीये, काझुए. मी ट्रे चुकीच्या जागी ठेवलाय." आणि लागले कामाला. ट्रे जवळ आणला. मग त्याला उतार दिला, म्हणजे चाप आपोआप घरंगळत हाताशी येतील. मग चाप धरायला लाकडाचा छोटा ठोकळा केला, त्याला माझ्या अंगठ्याच्या मापाची खाच. माप घ्यायला माझा हात हातात धरून बसले. ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझे हात कधी पाहिले नव्हते.

मार्सिया म्हणते, "मालक तुमच्या हाताच्या प्रेमात पडले. बाकीची बाई रिकामीच."

दर बदलानंतर चार दिवस बरं चालतं. मग हात पुन्हा वाट बघायला लागतो. हे पुन्हा ठोकळा करायला घेतात.

काल घरी भात करपला. धूर दिसेपर्यंत मला वासच आला नाही. उन्हाळ्याचं असं होत असेल.

काझुए


हेकिनान, २ नोव्हेंबर २०१४

ताई,

हे पत्र लिहावं की नाही याचा बरेच दिवस विचार केला. मार्सियाकडून तुम्हाला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सप्टेंबरात एका मंगळवारी त्सुझुकी-साननी मला बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी बोलावलं. स्वतः कॉफीचा डबा काढून, उघडून माझ्या हातात दिला. उघडून दिला, हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणाले, "काझुए-सान, हे मी कामाचं बोलत नाहीये. तुमच्या जागेवर सुधारण्यासारखं आता काही उरलेलं नाही. मी पाहिलेली ही सगळ्यात चांगली जागा आहे. तरी हात थांबतो. मोठ्या इस्पितळात दाखवून या."

हे मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मी यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हीच शिकवलंत ना? दोष माणसाचा नसतो म्हणून? आता तिच्यावर बोट दाखवताय?" त्सुझुकी-साननी टोपी काढली. ते एवढंच म्हणाले, "दोष नाही म्हणालो मी, इनागाकी-सान."

मग तपासण्या. त्यांचं सगळं सांगत नाही, कंटाळाल. नेहमीच्या कंपवातासारखंच आहे, पण त्याच्या गोळ्यांना दाद देत नाही आणि भरभर पुढे जातं, त्यातला प्रकार. डॉक्टर तरुण होते, फार सौम्य.

कामात यांना एक सवय लागली आहे. काही बिघडलं की "का" विचारायचं, आणि उत्तर आलं की त्या उत्तरालाही "का". मूळ सापडेपर्यंत सोडायचं नाही. तिथेही तेच. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला मेंदूचा निरोप नीट पोचत नाही.

"का?"

"निरोप धाडणाऱ्या पेशी झिजत चालल्यात."

"का झिजतात?"

"त्यांच्यात एक प्रकारचा गाळ साठतो."

"का साठतो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते आम्हाला माहीत नाही," म्हणाले. "जगात कुणालाच नाही."

हे त्यांच्या तोंडाकडे बघत तसेच बसून राहिले. पुढचं उत्तर येईल म्हणून. मी बाही ओढली तरी उठेनात. शेवटी नर्सनं पुढच्याचं नाव पुकारलं.

घर आलं तशी गाडी थांबवून म्हणाले, "ठोकळ्याचा कोन जरा बदलून बघतो."

तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. भांडी घासते, कपडे वाळत घालते, वेळ लागतो इतकंच. बारीक अक्षराबद्दल मी तुम्हाला पेनचं खोटं सांगितलं होतं. पेन जुनंच आहे.

काझुए


हेकिनान, १८ फेब्रुवारी २०१५

ताई,

कारखाना बंद झाला. महत्त्वाचं आधी सांगून टाकलं.

आता कसा, ते. नवीन वर्षानंतर मी यांना म्हटलं, मी नालातून बाहेर पडते. मार्सियाच्या चुलत बहिणीला काम हवंय, तिला माझ्या जागी घ्या. पुरवठा सांभाळला पाहिजे.

"तुला काढायचं नाही," हे म्हणाले.

"तुम्ही नका काढू. मीच निघते."

"नाही."

"अहो, माझ्यापायी मार्सिया हातात चाप घेऊन नुसती उभी असते!"

त्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा घरच्या एकीला काढलं. पुन्हा नाही."

एवढंच बोलले. तुमचं नाव घेतलं नाही. पण मी हे तुम्हाला कळवलं नसतं तर मला झोप लागली नसती.

मग त्यांनी काय केलं, तर सगळी रांगच माझ्या हाताच्या चालीवर लावली. चाप ठोकणाऱ्या प्रेसचा वेग उतरवला, मार्सियाचा उतरवला. इतकं सुरेख चालायचं ते, ताई! कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. सगळा कारखाना माझ्या डाव्या हाताइतका सावकाश. त्सुझुकी-सान आले, नालाच्या तोंडाशी हात मागे बांधून उभे राहिले, आणि काही न बोलता गेले. त्यांना बोलता आलं असतं. वरच्यांना कळवायलाही हवं होतं. त्यांनी कळवलं नाही, असं मागाहून समजलं. आता त्यांना दुसरीकडे कुठे बसवलंय म्हणतात.

मी दोरी ओढायचे. पिवळा दिवा लागायचा, हे धावत यायचे. मी म्हणायचे, "मला बाहेर घ्या." हे म्हणायचे, "ट्रे किंचित वर घेऊ का?"

जानेवारीच्या शेवटी एके सकाळी ट्रक फाटकाशी थांबला आणि अर्धा भरून निघून गेला. आमच्या चापांवाचून मोठ्या कंपनीची गाड्यांची रांग थांबली. थोडाच वेळ, पण थांबली. या गावात त्याचा अर्थ शाळेतल्या पोरालाही समजावावा लागत नाही. आमचे शेजारी, तेही त्यांच्याच पुरवठ्यातले, दुसऱ्या दिवसापासून कचरा टाकायला आमच्या वेळी येईनासे झाले.

चापांचं काम दुसऱ्या गावच्या कारखान्याला गेलं. आमच्या प्रत्येक कामाचे फोटो काढून, कुठला हात कुठे, हे भिंतीवर लावलेलं होतं ना, ते तक्ते उतरवून घेऊन गेले. त्सुझुकी-सान म्हणायचे, काम असं मांडा की उद्या कुणीही येऊन करावं. कुणीही आलं आणि करतंय.

मार्सिया शेवटच्या दिवशी रडली नाही, शिव्या दिल्या, पोर्तुगीजमध्ये. "फुसाए-सानच्या वाटच्या," म्हणाली.

यंत्रं न्यायला माणसं आली तेव्हा हे त्यांना मदत करत होते. कुठला बोल्ट आधी सोडला तर वेळ वाचेल, ते सांगत होते.

काझुए


हेकिनान, १२ ऑक्टोबर २०१६

फुसाए ताई,

हे पत्र मार्सिया लिहिते आहे, मी सांगते आहे. ती आता डबेबंद जेवणाच्या कारखान्यात जाते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. तिला कठीण अक्षरं येत नाहीत, म्हणून सगळं बालवाडीच्या लिपीत आहे. तुम्ही हसाल म्हणते. हसा. माझा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नाही, ती कान माझ्या तोंडाशी आणून ऐकते आणि मग "हे लिहू?" असं एवढ्या मोठ्यानं विचारते की गल्लीला ऐकू जावं.

तुमची खोकी येतात. मागच्या वेळेपासून चकत्या नाहीत, मऊ जेलीचे डबे असतात. म्हणजे तुम्ही पत्रं वाचता. मला दुसरं काही नको. उत्तर लिहा असं मी आता म्हणत नाही. यांना मात्र टपाल आलं की बाहेर जाऊन टपालपेटी बघायची खोड आहे. बिलं घेऊन आत येतात.

हे सकाळी बाजाराच्या वाहनतळावर गाड्यांना वाट दाखवायला जातात. दुपारपर्यंत. उरलेला दिवस माझं घर सुधारत असतात. स्वयंपाकघराच्या फरशीवर पिवळी पट्टी मारली आहे, पाय कुठे ठेवायचे ते. ओट्यावर पेला, औषध, टॉवेल, प्रत्येकाची जागा पट्टीनं आखलेली. कपाटांची दारं काढून टाकली. माझा हात आणखी खाली येतो, मग सगळं आणखी खाली येतं. कारखान्यातलं एकच अवजार यांनी विकलं नाही, लोखंड घट्ट आवळून धरायचं ते. (मार्सियाला त्याचं नाव लिहिता येईना. तुम्हाला कळलं असेल.) त्यावर मागच्या महिन्यात माझ्यासाठी चमचा केला. जाड दांड्याचा, मानेत वाकवलेला, माझ्या मुठीच्या मापाचा.

पहिल्या दिवशी मी त्या चमच्यानं पेज खाल्ली. एक थेंब सांडला नाही. हे टाळ्या वाजवायला लागले. ताई, तुमच्या भावाला टाळ्या वाजवताना तुम्ही तरी कधी पाहिलंय? "बघ! दांडा जाड हवा होता. तेवढंच होतं!" म्हणाले. त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला त्यांनी.

तो चमचा आता माझ्यानं धरवत नाही. आठवडाभर धरवला असेल. रात्री मी दमले म्हणते आणि त्यांच्या हातून खाते. सकाळी हे कामावर गेले, की ओट्यावरच्या वाटीत तोंड घालून खाते, मांजरासारखी. गळ्यावर ओघळतं. ते पुसायला बराच वेळ लागतो, पण वेळ आहे. मग दोन्ही मनगटांत धरून चमचा धुतल्यासारखा नळाखाली ओला करते आणि पट्टीनं आखलेल्या त्याच्या जागेत ठेवते. हे येतात, आधी ओट्यापाशी जातात. चमचा ओला असतो. मग हात धुऊन जेवायला बसतात, आणि वाहनतळावर कुणी कशी वेडीवाकडी गाडी लावली ते सांगतात.

मार्सिया म्हणते, सांगून टाका त्यांना. मी विचारलं, सांगून काय होईल? "नवा करतील," म्हणाली. मग स्वतःच कागद सरळ करायला लागली.

तुम्ही त्यांना पाठीशी बांधून वाढवलंत. तुम्हीच सांगा, कुणी सांगायचं त्यांना, आणि काय.

फाटक वाजलं. आज लवकर आले वाटतं. मार्सिया, पुरे. आधी तो चमचा ओला कर.